पापणीतला जीव

लष्करात डोळ्यांची कुठलीही तक्रार सांगा, उत्तर एकच मिळतं : "धूळ गेली असेल." उत्तर अगदीच खोटं नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती गल्ल्या आल्या, आणि छावणीचं गाव झालं. नाव मात्र लष्करच राहिलं. लष्कर राहिलं तशी धूळही राहिली. जेठात पारा ४५च्या वर जातो, लू सुटते, आणि बाड्यावरून सराफ्यापर्यंत चालत गेलं तरी डोळ्यांत कुणी मिरपूड फुंकल्यासारखं होतं. थंडीत ऊन कोवळं असतं पण हवा कोरडी ठक्क.

तरीपण मला नेहमी वाटायचं की सगळा दोष धुळीवर कसा टाकता येईल? धूळ तर सगळ्यांच्याच डोळ्यांत जाते. मग आमच्या गल्लीत पन्नाशी उलटलेल्या बायकाच पदराच्या टोकाने डोळे का टिपत असतात? सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या, कडा लाल, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखं काहीतरी, संध्याकाळी वाचायला बसलं की वाळू खुपल्यासारखं. आणि गंमत म्हणजे कोरडेपणाचा आजार असून डोळ्यांतून पाणी वाहतं! बाई म्हणते डोळे कोरडे झालेत, घरचे म्हणतात अगं पाणी तर गळतंय. झालं, विषय तिथेच संपतो.

बी.ए.ला माझा इतिहास होता. त्या विषयाने एक सवय लावली : कुणी कशाची नोंद ठेवली हे जसं बघायचं, तसंच कशाची ठेवली नाही हेही बघायचं. डोळ्यांच्या बाबतीत ते बघायला लागले तेव्हा लक्षात आलं, की आपल्याकडे डोळ्यांचा जो इतिहास आहे तो आंधळेपणाचा इतिहास आहे. जळजळीचा नाही.

खुपऱ्यांचंच घ्या. इथे हिंदीत त्यांना रोहे किंवा कुकरे म्हणतात. पापणीच्या आत बारीक दाणे यायचे, व्रण पडून पापणी आत वळायची, केस बुबुळाला घासायचे आणि हळूहळू नजर जायची. उत्तर हिंदुस्थानात घरोघर हा रोग होता. देशात १९६३ साली त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला, खुपऱ्या त्यात गेल्या, मोतीबिंदू त्यात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचं भारतातून उच्चाटन झालं. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचा आनंद मलाही आहे. आमच्या लष्करातही जयारोग्य रुग्णालय शिंद्यांच्या काळापासून आहे, १९४६पासून गजराराजा मेडिकल कॉलेज आहे. नजर जाऊ नये म्हणून पुष्कळ झालं, होत आहे.

पण कार्यक्रमाच्या नावातच अंधत्व आहे ना! ज्या डोळ्याला दिसतं, तो त्या वहीत बसत नाही. चुरचुरणाऱ्या डोळ्याची बाई तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवते आणि "नजर उत्तम आहे" असं ऐकून घरी परत येते.

आता हा ओलावा मुळात येतो कुठून ते बघू. पापणीच्या कडेला, केसांच्या मागच्या बाजूला, तेलाच्या अगदी बारीक ग्रंथी ओळीने असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. आपण पापणी मिटली की त्यातलं तेल अश्रूंवर पसरतं. साय धरलेलं दूध लवकर आटत नाही, तसं या तेलामुळे डोळ्यातलं पाणी उडून जात नाही. तेल घट्ट झालं किंवा ग्रंथींची तोंडं बुजली, की पाणी भराभर उडतं, डोळा कोरडा पडतो, टोचतो, आणि टोचलं म्हणून आणखी पाणी सुटतं. गळणाऱ्या पाण्याचं कोडं हे असं आहे.

आपल्या शास्त्रात सांगितलं आहे, की केवलज्ञान झाल्यावर अरिहंतांची पापणी लवत नाही. तो त्यांचा अतिशय. आपण साधी माणसं, आपल्याला मिनिटाला बारा-पंधरा वेळा पापणी लववावीच लागते. मोबाइलकडे टक लावून बसलं की हे लवणं निम्म्यावर येतं, आणि डोळे लगेच हिशोब मागतात.

कोरडेपणा मोजायची रीत १९०३ साली ओटो शिर्मर यांनी काढली. कागदाची ५ मिलिमीटर रुंदीची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि ५ मिनिटांत ती किती भिजते ते बघायचं. ही तपासणी आजही करतात. पुढे १९३३ साली हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश डॉक्टरांनी प्रबंध लिहिला. त्यात १९ रुग्ण होते, सगळ्या बायका. डोळे कोरडे, तोंड कोरडं, आणि बऱ्याच जणींचे सांधे सुजलेले. हे तीन त्रास वेगवेगळे नसून एकाच रोगाचे आहेत, असं त्यांनी मांडलं. परीक्षकांना त्या प्रबंधात विशेष काही दिसलं नाही, पुरेसे गुण मिळाले नाहीत आणि विद्यापीठातली वाट बंद झाली. आज तो रोग जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बायकांच्या डोळ्यांतली वाळू गंभीरपणे घ्यायला स्टॉकहोममध्येही वेळ लागला, मग आमच्या गल्लीला काय नावं ठेवायची?

पण सगळा कोरडेपणा या रोगाचा नसतो. पुष्कळदा मूळ पापणीच्या कडेलाच असतं. आणि इथे या गोष्टीतला छोटा नायक येतो, किंवा खलनायक म्हणा.

पापणीच्या मुळाशी जीव असतात ही कल्पना आपल्याला नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग सांगितले आहेत. त्यात कृमिग्रंथी नावाचा एक आहे : पापणीची कड आणि केस जिथे मिळतात तिथे कृमी होतात, खाज सुटते, गाठी येतात. त्याच ग्रंथात शुष्काक्षिपाक, म्हणजे कोरडा, खरखरीत, उघडायला जड जाणारा डोळा, हाही स्वतंत्र रोग म्हणून आहे. पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससनेही पापण्यांच्या केसांत होणाऱ्या उवांबद्दल लिहिलं. डोळ्यांना दिसत होतं तेवढं जुन्या लोकांनी बारकाईने बघून ठेवलं होतं.

त्यापलीकडचं बघायला सूक्ष्मदर्शक लागला. १६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी खरजेचा किडा दाखवला. कातडीच्या रोगामागे एवढासा जीव असू शकतो, हे तेव्हा कळलं. मग १८४१ साली हेन्लेने माणसाच्या कानातल्या मळात एक लांबुळका जीव पाहिला, आणि १८४२ साली बर्लिनच्या गुस्ताव सिमोनने नाकावरच्या तेलकट पुटकुळ्यांत तोच शोधून त्याचं नीट वर्णन केलं. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या रिचर्ड ओवेनने त्याला डेमोडेक्स हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारण "चरबीतली अळी".

अळी म्हटलं तरी ही अळी नव्हे. हा कोळी आणि गोचीड यांचा भाऊबंद, आठ पायांचा. त्याच्या दोन जाती माणसावर राहतात. एक साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब, ती पापणीच्या केसाच्या मुळाशी डोकं खाली करून राहते. दुसरी तिच्या निम्मी, ती तेलाच्या ग्रंथीत शिरते. दोन्ही वेगळ्या आहेत हे १९७२पर्यंत पक्कं झालं. दिवसा हे जीव आत असतात, रात्री अंधारात बाहेर येतात, तासाला एखाद-दीड सेंटिमीटर चालतात, आणि दोन-अडीच आठवड्यांत त्यांचा जन्ममरणाचा फेरा पुरा होतो. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या अंगावर ते नसतात. आईने गालाला गाल लावला, आजीने पापा घेतला, की एकाच्या चेहऱ्यावरून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर येतात. वय वाढेल तसे वाढतात. साठीच्या पुढे बहुतेकांच्या पापणीत ते असतात, आणि बहुतेकांना कधी कळतही नाही. संख्या फार वाढली की मगच त्रास सुरू होतो : कड सुजते, केस गळतात, तेलाची तोंडं बुजतात.

१८९९ साली रेलमान या जर्मन नेत्रवैद्याने पापणीच्या सुजेचा आणि या जिवाचा संबंध लावला. लोकांनी पुष्कळ वर्षं फारसं मनावर घेतलं नाही. १९६७ साली अमेरिकेत कॉस्टन यांनी पुन्हा लिहिलं. २००५ साली मायामीच्या डॉक्टरांनी दाखवलं, की केसाच्या मुळाभोवती बांगडीसारखा पारदर्शक कोंडा दिसला तर तिथे हा जीव बहुतेक असतोच, आणि टी ट्री नावाच्या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाने तो मरतो. जुलै २०२३मध्ये अमेरिकेत खास याच दुखण्यासाठी लोटिलानर नावाच्या थेंबांना पहिल्यांदा परवानगी मिळाली. सिमोनपासून मोजलं तर १८१ वर्षं! याच काळात विमान आलं, चंद्रावर माणूस गेला. जो जीव कुणाला आंधळं करत नाही, त्याच्यासाठी घाई कुणाला होती?

इथवर इतिहास सगळ्यांचा आहे. पुढचा आमच्या घरांचा.

आमच्या सासूबाईंना जेव्हा डॉक्टरांनी यंत्राखाली बघून "पापण्यांत कीडे हैं, अम्माजी" असं सांगितलं, तेव्हा त्यांनी औषधाची चिठ्ठी घेतली आणि पिशवीत ठेवून दिली. चार दिवस काढलीच नाही. शेवटी मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, जन्मभर पाणी गाळून प्यायले, रात्री जेवले नाही, आणि आता म्हातारपणी पापणीतले जीव मारू?"

या प्रश्नाला हसणं सोपं आहे. फार लोक हसलेले आहेत. १६८९ साली सुरतेत आलेला इंग्रज पाद्री जॉन ओविंग्टन याने लिहून ठेवलं आहे, की तिथल्या बनियांनी ढेकूण-पिसवांसाठीसुद्धा एक इस्पितळ ठेवलं आहे, आणि त्या जिवांचं पोट भरावं म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तिथे झोपवतात. परदेशी प्रवाशांना ही गोष्ट इतकी आवडली, की पुढच्या पुस्तकांतूनही ती फिरत राहिली. गरीब माणसाचं रक्त विकत घेऊन पुण्य मिळवायचं, हे मला तरी अहिंसेत बसत नाही. पण सासूबाईंचा प्रश्न तसा नव्हता. त्या दुसऱ्याला झोपवत नव्हत्या, स्वतः जागत होत्या.

म्हणून मी शास्त्राकडेच वळले. आपल्याकडे जीव इंद्रियांवरून मोजले आहेत. ऊ, लीख, ढेकूण, मुंगी हे त्रींद्रिय : त्यांना स्पर्श, रस आणि गंध आहे, डोळे नाहीत. डेमोडेक्सलाही डोळे नाहीत. आपल्या डोळ्याच्या उंबऱ्यावर राहणारा, आणि स्वतः न बघणारा! तेव्हा तो जीव नाही, किंवा जंतूच तर आहे, असं म्हणून सुटका होत नाही. सासूबाईंचं बरोबर होतं, तो त्रस जीवच.

पण गृहस्थाची हिंसा शास्त्राने चार प्रकारची सांगितली आहे : संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मारायचं ठरवून मारणं ही संकल्पी, ती श्रावकाने सोडायचीच. झाडणं, दळणं, धुणं यात जी होते ती आरंभी. ती पूर्ण टळत नाही, यत्नाने कमी करायची. म्हणूनच मुनी स्नान करत नाहीत, केस कापण्याऐवजी केशलोच करतात, मोरपिसांची पिंछी जवळ ठेवतात. गृहस्थाला तो नियम घातलेला नाही. गृहस्थाने अंग धुवावं, धान्य निवडावं, घर झाडावं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत पहिला शब्द प्रमादाचा आहे. बेसावधपणा, दुर्लक्ष. ज्या घरात रोज झाडू फिरतो तिथे कीड होतच नाही, मग मारायची वेळ येत नाही. पापणीचंही तसंच. रोज धुतलेल्या कडेवर तेल आणि मळ साठत नाही, आणि साठलं नाही की जीव वाढत नाहीत.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. आपला सगळा आचार डोळ्यांवर उभा आहे. ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकणं. शोधाचं जेवण म्हणजे डाळीतला, पिठातला जीव बघून बाजूला करणं. पाणी गाळल्यावर जिवाणी परत पाण्यात सोडणं. हे सगळं कोण करतं? घरातली बाई. कशाने करते? याच लाल झालेल्या डोळ्यांनी. सासूबाई ताटलीत तांदूळ घेऊन बसायच्या आणि दर दोन मिनिटांनी पदर डोळ्याला लावायच्या. त्यात किती सोंडे निसटले असतील? जीव वाचवायचे तर आधी बघणारा डोळा सांभाळायला हवा.

हे मी त्यांना सांगितलं. त्या लगेच कबूल झाल्या नाहीत. दोन दिवसांनी म्हणाल्या, "डॉक्टरला विचार, सगळे मारायचेत का?" डॉक्टर म्हणाले, सगळे जाणारच नाहीत, जायला नकोत असंही नाही, पण हेतू एवढाच की संख्या कमी व्हावी आणि कड स्वच्छ राहावी. ते त्यांना पटलं. तेलाचं तीव्र औषध त्यांनी घेतलं नाही. शेक आणि धुणं घेतलं. रात्री पापण्या धुण्याआधी णमोकाराची एक माळ जास्त करायला लागल्या. डोळे महिना-दीड महिन्यात पुष्कळ निवळले. पूर्ण बरे झाले नाहीत, होतही नसतात, पण स्वाध्यायाला तासभर बसता यायला लागलं.

आता ज्यांना हा त्रास आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचा. गार झाला की परत बुडवायचा. घट्ट झालेलं तेल त्याने पातळ होतं. मग बोटाने हलकेच, वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर दाबायची. मग केसांची मुळं डॉक्टरांनी सांगितलेल्या सौम्य द्रावाने पुसायची, आडवी, डोळ्याच्या आत न जाता. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवायचे. टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा. टी ट्रीचं तेल बाटलीतून सरळ कधीच लावू नये, बुबुळ भाजल्यासारखं होतं.

आणि काजळ. एका डबीत आजी, सून, नात सगळ्यांची बोटं जातात, आणि वर्षभर तीच डबी चालते. काजळ पापणीच्या आतल्या कडेवर भरलं की तेलाची तोंडं आपणच लिंपून टाकतो. सुरम्यात तर बऱ्याचदा शिसं असतं. हौस असेल तर कडेच्या बाहेर रेघ ओढावी, डबी स्वतःची ठेवावी, आणि झोपण्याआधी पुसावं.

सगळ्यात मोठं काम दवाखान्यात आहे. नजर तपासून झाली की उठायचं नाही. १९११ साली गुलस्ट्रांडने जो फटीच्या दिव्याचा सूक्ष्मदर्शक केला, तो आता लहान गावांतही डोळ्यांच्या डॉक्टरांच्या टेबलावर असतो. त्याच्यासमोर हनुवटी टेकवलेली असतानाच म्हणायचं : "डॉक्टरसाहेब, मी खाली बघते, तुम्ही जरा पापणीच्या केसांची मुळं बघा." खाली बघितल्याशिवाय वरच्या केसांची मुळं दिसत नाहीत, आणि न विचारता बघायला गर्दीत कुणाला फुरसत नसते. या तपासणीला अर्धं मिनिटही लागत नाही. धूळ गेली असेल तर धूळ दिसेल. दुसरं काही असेल तर तेही दिसेल, आणि त्या दिवसाच्या कागदावर तुमच्या जळजळीची नोंद होईल.